पायी वारी कोणत्या ऋतूत करावी?

(चऱ्होली येथे केलेले भाषण)



चऱ्होलीच्या माणसाला वारी शिकवावी लागत नाही. आळंदी आपल्या शेजारी आहे. देहू फार लांब नाही. गावाजवळून इंद्रायणी वाहते. हे पाणी पुढे तुळापूरला भीमेला मिळते. तीच भीमा पंढरपूरला जाऊन चंद्रभागा होते. म्हणजे आपल्या घाटावरचे पाणीसुद्धा पंढरीची वाट चालते. मग माणसाला चालावेसे वाटले, तर नवल काय?

पण एक प्रश्न आम्हांला पुष्कळ जण विचारतात. "पायी जायचंय, पण कधी जावं? आषाढात गर्दी फार. चैत्रात ऊन फार. कार्तिकात जावं का माघात?" आज आपण याच प्रश्नाचा विचार करू. वारी करावी की न करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही एवढेच सांगणार, की निघण्याआधी काय काय पाहावे.

चार वाऱ्या, चार ऋतू

पंढरपूरच्या मोठ्या वाऱ्या वर्षात चार. चैत्र, आषाढ, कार्तिक आणि माघ या चार महिन्यांतल्या शुद्ध एकादशीला त्या भरतात. सर्वांत मोठी आषाढी. तिच्या खालोखाल कार्तिकी.

आता पाहा, या चार वाऱ्या वर्षभर कशा विखुरल्या आहेत. चैत्री एकादशी येते साधारण एप्रिलमध्ये. तो भर उन्हाळा. आषाढी येते जूनच्या अखेरीस किंवा जुलैमध्ये. तेव्हा पावसाला आरंभ झालेला असतो. कार्तिकी येते नोव्हेंबरच्या सुमारास. तेव्हा पाऊस सरलेला असतो आणि थंडी नुकती पडू लागते. माघी येते जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत. तेव्हा थंडी ओसरू लागते, पण ऊन अजून तापलेले नसते.

म्हणजे तिथी आपल्या हातात नाही, पण चारांतली कोणती वारी पायी करायची, हे आपल्या हातात आहे. ते ठरवताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. शेत, शरीर आणि सोबत. तिन्ही एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट : शेत

आषाढीची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. देहूची पालखी त्याच्या आदल्या दिवशी, सप्तमीला निघते. देहूची पालखी १६८५ साली तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी सुरू केली, असे सांगतात. आळंदीच्या पालखीला आजचे रूप दिले हैबतबाबा आरफळकर यांनी, एकोणिसाव्या शतकात.

जुनी माणसे म्हणतात, "पेरणी उरकायची, विठोबाच्या हवाली रान करायचं आणि वारीला लागायचं." हे बोलणे खरे आहे. पण ते दरवर्षी खरे ठरत नाही. असे का? नीट ऐका.

आपली पेरणी चालते पावसावर. पाऊस चालतो सूर्यावर. म्हणून आपण नक्षत्रे मोजतो. मृग लागते ७ किंवा ८ जूनला. आर्द्रा लागते २१ किंवा २२ जूनला. या तारखा फारशा हलत नाहीत.

एकादशी मात्र चालते चंद्रावर. चंद्राचे बारा महिने भरतात सुमारे ३५४ दिवसांत. सूर्याचे वर्ष असते ३६५ दिवसांचे. म्हणजे दरसाल सुमारे ११ दिवस कमी पडतात. म्हणून एकादशी दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येते. सुमारे तीन वर्षांत ही तूट एक महिन्याएवढी होते. मग पंचांगात एक अधिक महिना घालतात. आपण त्याला धोंड्याचा महिना म्हणतो. तो घातला, की एकादशी पुन्हा पुढे जाते.

हे खरे की खोटे, ते तारखांवरून पाहा. २०२१ साली आषाढी एकादशी होती २० जुलैला. २०२२ साली १० जुलैला. २०२३ साली ती आली २९ जूनला. त्या वर्षी अधिक श्रावण पडला. म्हणून २०२४ साली ती गेली १७ जुलैला. २०२५ साली पुन्हा अलीकडे आली, ६ जुलैला. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे. म्हणून त्या वर्षीची एकादशी २५ जुलैला.

२९ जून कुठे आणि २५ जुलै कुठे! मध्ये २६ दिवसांचे अंतर. वारी एकच, पण ऋतू निराळा.

२०२३ साली पालखी आळंदीहून निघाली ११ जूनला. मृग लागून तीन-चारच दिवस झाले होते. त्या वर्षी पाऊसही लांबला. मुंबईत मोसमी पाऊस पोचला २५ जूनला. तोवर पालखी सोलापूर जिल्ह्यात गेली होती. म्हणजे बहुतेक वाट उन्हात गेली, आणि मागे घरी पेरणी राहिलेली. त्याच्या उलट २०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला. मुंबईत तो २६ मे रोजीच पोचला. पालखी निघाली १९ जूनला. त्या वर्षी पेरणीचे गणितच बदलले.

यातून काय घ्यायचे? ज्या वर्षी आषाढी जूनअखेर येते, त्या वर्षी शेतकऱ्याने दोनदा विचार करावा. शेतीखात्याचे सांगणे असे, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. वारीला जायचे म्हणून कोरड्यात बी टाकले आणि पाऊस लांबला, तर बी वाया जाते. दुबार पेरणीला पुन्हा पैसे लागतात. ते पैसे उसने काढावे लागले, तर वारीचा आनंद वर्षभर बोचत राहतो.

तेव्हा घरी पेरणी करणारे माणूस आहे का, ट्रॅक्टरवाल्याशी बोलणे झाले आहे का, बी-खत घरात आहे का, हे आधी पाहा. नसेल तर त्या वर्षी पायी आषाढी सोडा. पुढच्या कार्तिकीला जा. कार्तिकात बाजरी-सोयाबीन निघालेले असते आणि रब्बीची ज्वारी बहुतेक पेरून झालेली असते. माघात ज्वारी उभी असते, काढणी अजून पुढे असते. शेतकऱ्याला या दोन्ही वेळा मोकळ्या.

कोणी म्हणेल, "शेत बघत बसलो तर देव कसा भेटायचा?" त्याला आम्ही अरणच्या सावता माळ्याची आठवण देऊ. अरण सोलापूर जिल्ह्यातच आहे, पंढरपूरही त्याच जिल्ह्यात. तरी सावतोबांनी मळ्यातच देव पाहिला, असे वारकरी मानतात. कामासाठी एक वारी हुकली, म्हणून देव रागावत नाही.

आता चऱ्होलीची गोष्ट थोडी बदलली आहे, हेही खरे. चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. पुष्कळ रानांत इमारती उभ्या राहिल्या. घरातला एक जण शेतात, तर एक जण चाकणच्या नाहीतर भोसरीच्या कारखान्यात. कारखान्यातल्या माणसाला नक्षत्र नाही, पण रजा आहे. सगळी वाट चालायला तीन आठवडे लागतात. एवढी रजा पुष्कळांना मिळत नाही. त्याने आळंदी ते पुणे, नाहीतर पुणे ते सासवड, असे दोन दिवस चालावे आणि घरी यावे. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट : शरीर

आळंदीहून पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. पालखी पुण्याला मुक्काम करते, मग दिवे घाट चढून सासवडला जाते. पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर. यांत पुण्याहून सासवड हा टप्पा सर्वांत दमवणारा. एका दिवसात सुमारे ३० किलोमीटर चाल, आणि त्यात घाटाची चढण.

आता हीच वाट चारही ऋतूंत कशी असते, ते पाहा.

चैत्र. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारचे तापमान ३७-३८ अंशांपर्यंत जाते. सोलापूरकडे ते ४० च्या घरात जाते. रस्ता रुंद झाला, तशी पुष्कळ ठिकाणची जुन्या झाडांची सावली गेली. डांबर तापते. ऊन वरून लागते आणि खालूनही लागते. उन्हाला कमी लेखू नका. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे मोठा सोहळा झाला. माणसे उघड्यावर उन्हात बसली होती. उष्माघाताने १४ माणसे दगावली. ती माणसे चालत नव्हती, नुसती बसली होती. मग दिवसभर चालणाऱ्याचे काय? म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. चैत्री वारी एस.टी.ने करावी. लांबची पायी वाट चैत्रात धरू नये. म्हाताऱ्या माणसांनी तर मुळीच नाही.

आषाढ. पाऊस आला, की हवा एकदम उतरते. पुण्यात जुलैमध्ये दुपारचे तापमान ३० अंशांच्या आसपास राहते. आभाळ झाकलेले असते. वारा असतो. आणखी एक गंमत पाहा. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण सह्याद्री ओलांडून ढग पूर्वेला आले, की ते हलके होतात. फलटण, माळशिरस, पंढरपूर या भागात वर्षभराचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच. त्यातला मोठा वाटा पुढे सप्टेंबरात पडतो. म्हणून आषाढात दिवे घाट ओलांडला, की बहुतेक वर्षी पाऊस थोडा आणि सावली पुष्कळ, अशी वाट मिळते.

आषाढाचा धोका निराळा. पहिला धोका पाण्याचा. नव्या पावसात घाण वाहून विहिरी-ओढ्यांत येते. पूर्वी याच यात्रांतून पटकी गावोगाव पसरत असे. आता टँकर असतात, दवाखाने असतात. तरी नदीचे, ओढ्याचे पाणी पिऊ नका. जुलाब लागले, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. ते पाणी घोट घोट पाजा आणि दवाखाना गाठा. दुसरा धोका पुराचा. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. ४ माणसे गेली. ही आपलीच नदी. पुलावर गर्दी असेल, तर थांबा. पाणी वाढत असेल, तर उतरू नका. स्नान एक दिवस राहिले तरी चालते.

कार्तिक आणि माघ. चालायला हवा म्हणाल, तर याच दोन ऋतूंतली चांगली. सकाळी गारवा, दुपारी सोसवेल असे ऊन. पाय कमी सुजतात. अन्न लवकर नासत नाही. पण पहाटेची थंडी असते. दम्याच्या माणसाला ती बाधते. त्याला कानटोपी हवी, घोंगडी हवी आणि औषध जवळ हवे. मोठा धोका मात्र आणखी निराळा आहे. तो तिसऱ्या गोष्टीत सांगतो.

ऋतू कोणताही असो, एक काम सारखेच. निघण्याच्या महिनाभर आधी रोज चालायला लागा. आधी एक तास, मग दोन तास. नवी चप्पल घालून वाट धरू नका. जुनी, पायाला बसलेली चप्पल न्या. रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरला दाखवा आणि गोळ्या पुऱ्या दिवसांच्या बांधून घ्या. मधुमेहाच्या माणसाने रोज रात्री तळपाय पाहावेत. त्याला जखम झालेली कळत नाही.

तिसरी गोष्ट : सोबत

आषाढीला लाखो माणसे चालतात. पुढे दिंडी, मागे दिंडी. रस्त्यावर पोलीस वाहने अडवतात. पाण्याचे टँकर, औषधाच्या गाड्या, जेवणाच्या पंगती, सारे असते. बाईमाणूस एकटी निघाली, तरी दिंडीत तिला माउली म्हणणारे शंभर जण भेटतात. चक्कर आली, तर उचलायला हात असतात. ही सोबत फार मोठी आहे. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीत पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी. बसने पंढरपूरला गेल्या. त्या दोन वर्षांत माणसांना सोबतीची किंमत कळली.

कार्तिकात आणि माघात हवा चांगली, पण ही सोबत थोडी. रस्ता वाहनांनी भरलेला. दिवस लहान. नोव्हेंबरात संध्याकाळी सहाला सूर्य मावळतो. जूनमध्ये तो सातच्या पुढे मावळतो. एका तासाचा हा फरक जीवावर बेततो. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातली एक दिंडी कार्तिकीला चालली होती. सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ संध्याकाळच्या वेळी मागून मोटार घुसली. ७ वारकरी गेले. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी दिवे घाटात आळंदीकडे येणाऱ्या दिंडीत माती उकरायचे यंत्र घुसले. २ वारकरी गेले.

म्हणून थंडीच्या वारीला आम्ही चार नियम सांगतो. पहिला, एकटे निघू नका, निदान पंधरा-वीस जण मिळून जा. दुसरा, उजाडल्यावर निघा आणि सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठा. तिसरा, पुढे एक आणि मागे एक माणूस ठेवा. दोघांच्या हातात दिवा आणि अंगावर चमकणारी पट्टी असावी. चौथा, रस्त्याच्या कडेने एका ओळीत चाला. टाळांच्या नादात मागचा भोंगा ऐकू येत नाही, हे विसरू नका.

कार्तिकात एक सोय मात्र चांगली आहे. पंढरपूरची कार्तिकी झाली, की पुढच्या पंधरवड्यात वद्य एकादशीला आळंदीची यात्रा भरते. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली, त्याची ही यात्रा. तेव्हा पंढरपूरहून पालख्या आणि दिंड्या पायी आळंदीला येतात. ज्याला सोबत हवी, त्याने एस.टी.ने पंढरपूरला जावे आणि या दिंड्यांबरोबर चालत घरी यावे. देवाकडे जाण्याची वाट आणि देवाकडून येण्याची वाट, दोन्ही सारख्याच लांबीच्या!

मग ठरवायचे कसे?

आता तिन्ही गोष्टी एकत्र करा.

तुम्ही धडधाकट आहात, पहिल्यांदाच चालता, आणि घरची पेरणी मार्गी लागली आहे. तर आषाढीच करा. हवा सर्वांत चांगली नाही, पण सोबत सर्वांत चांगली आहे. नवख्याला हवेपेक्षा सोबत जास्त लागते.

तुम्ही शेतकरी आहात आणि त्या वर्षी एकादशी जूनअखेर आहे. तर पाऊस पाहून ठरवा. मन चलबिचल असेल, तर कार्तिकी धरा.

तुमचे वय झाले आहे, गर्दी सोसत नाही, पण रोज चालण्याची सवय आहे. तर माघी पाहा. अनुभवी दिंडीबरोबर जा.

तुम्हांला हृदयाचा विकार आहे, नाहीतर गुडघे धरले आहेत. तर चारही वाऱ्या एस.टी.ने करा. वाखरीला उतरा आणि तेथून पुढे बेताबेताने चाला. आजी, तुमच्या सुनेने "बसनं जा" म्हटले, म्हणून रुसू नका. आणि सूनबाई, तुम्हांलाही एक सांगणे. सासूबाई निघाल्या, की घरचे सारे काम तुमच्यावर पडते. शाळाही जूनमध्येच सुरू होते. तेव्हा घरातल्या पुरुषांनी त्या दिवसांत पाणी भरावे आणि मुलांना शाळेत पोचवावे. घरी राहून दुसऱ्याची वारी घडवणे, हीही चाकरीच आहे.

शेवटी एक काम

वारीची तारीख आजवर तुम्ही दुसऱ्याला विचारत होता. भटजी सांगतील ती, नाहीतर शेजारी सांगेल ती. आता तुम्हांला वाचता येते. घरी भिंतीवर दिनदर्शिका आहे. आज रात्री ती काढा. ज्येष्ठ वद्य अष्टमी कोणत्या तारखेला आहे, ते शोधा. आषाढ शुद्ध एकादशी कोणत्या तारखेला आहे, ते शोधा. जवळच मृग आणि आर्द्रा लिहिलेले असेल, तेही पाहा. पालखी नक्षत्राच्या आधी निघते की नंतर, ते बोटांवर मोजा. मग कार्तिक आणि माघ उघडा.

चारही तारखा वहीत लिहून ठेवा. तारखेपुढे तीन शब्द लिहा : शेत, शरीर, सोबत. ज्या तारखेपुढे तिन्ही शब्दांना "ठीक" असे लिहिता येईल, ती तुमची वारी. एकाही तारखेपुढे तसे लिहिता आले नाही, तर यंदा आळंदीपर्यंत चालत जाऊन या. पुढचे साल आहेच.

राम कृष्ण हरी.